थारमध्ये पाठपिशव्यांसह: थंडीतली पूर्वतयारी
प्रश्न : आमच्या मंडळातील वीस मुलामुलींना डिसेंबरमध्ये जैसलमेरकडे वाळवंटी पदभ्रमणाला न्यायचे आहे. तयारी कशी करावी? (एक वाचक, खासगी बाजार, ग्वाल्हेर)

उत्तर : थारच्या सहलीचा आराखडा पाण्यापासून सुरू होतो. पिणे आणि स्वयंपाक मिळून माणशी दिवसाला किमान पाच लिटर धरावे. वीस जणांचे शंभर लिटर, म्हणजेच शंभर किलो ओझे रोजचे. ते पाठीवर नेणे अशक्य. उंटगाडी किंवा जीप ठरवावी, मुक्काम ढाण्यांजवळ (छोट्या वस्त्यांजवळ) ठेवावा. वाळूत चाल निम्म्यावर येते आणि डिसेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, म्हणून रोज दहा-बारा किलोमीटर पुरे.

दिवसा अंगातला स्वेटर नको होतो, रात्री मात्र पारा पाच-सात अंशांपर्यंत उतरतो. कोरडी हवा उष्णता धरून ठेवत नाही. थंड हवा टेकड्यांमधल्या खोलगट भागात साचते आणि माथ्यावर वारा झोंबतो. तंबू आडोशाच्या उतारावर लावावेत. अंगाखाली जाड चटई हवीच.

भुरट गवताची काटेरी बोंडे लोकरी मोज्यांत घट्ट रुततात. घोट्यापर्यंतचे बूट आणि छोटा चिमटा सोबत असावा. सरपणासाठी खेजडी तोडू नये, गॅसची शेगडी न्यावी.

डेझर्ट नॅशनल पार्कमधून जायचे असल्यास वनखात्याची परवानगी लागते. पोखरणचे गोळीबार क्षेत्र पूर्ण टाळावे. सीमेलगतच्या भागांबाबत जिल्हा प्रशासनाकडे चौकशी केल्याशिवाय रेल्वेचे आरक्षण करू नये.