दोन ठिकाणी जतन होणाऱ्या नोंदी आणि लेखनातील विलंब

२१ जून २०१२ रोजी मुंबईतील मंत्रालयाच्या इमारतीस भीषण आग लागली. मनुष्यहानी झाली आणि अनेक विभागांच्या फायली भस्मसात झाल्या. ज्या कागदाची दुसरी प्रत कोठेही नव्हती, तो कायमचा नाहीसा झाला. त्यापूर्वी २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला होता व मुंबईचा मोठा भाग पाण्याखाली गेला होता. महत्त्वाच्या दप्तराची एक प्रत दुसऱ्या ठिकाणी सुरक्षित असली पाहिजे, हा या दोन्ही आपत्तींचा धडा होय.

आज दप्तर संगणकावर आले आहे. महाराष्ट्रात १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. अशा नोंदी एकाच वेळी दोन यंत्रांवर लिहिण्याची सोयही करता येते. तथापि, या सोयीबरोबर एक अडचण उद्भवते. नोंद पाहावयाची असेल तर ती क्षणात दिसते. परंतु नवी नोंद करताना यंत्र रेंगाळते. असे का होते व त्यावर उपाय कोणता, याचा विचार येथे केला आहे.

गलोंड्याचे उदाहरण

दादरा व नगर हवेलीतील गलोंडा हे सिल्वासा परिसरातील गाव. समजा, तेथील एक शेतकरी वारसाची नोंद करून घेण्यासाठी दिवसाची मजुरी बुडवून कार्यालयात आला आहे. कर्मचारी माहिती भरतो आणि बटण दाबतो. संगणक प्रथम ती माहिती सिल्वासा येथील सर्व्हरच्या डिस्कवर लिहितो. त्याच वेळी ती दूरच्या दुसऱ्या सर्व्हरकडेही जाते. तेथे ती लिहिली गेल्याची पोच परत आल्यावरच ‘नोंद झाली’ असा संदेश पडद्यावर उमटतो.

महत्त्वाच्या नोंदीची नक्कल दुसरीकडे पाठवून पोच येईपर्यंत काम अपुरे समजावे, तसाच हा प्रकार. नोंद वाचताना मात्र जवळचीच प्रत पुरते. म्हणून वाचन जलद आणि लेखन सावकाश, असा अनुभव येतो. केवळ एवढ्यावरून यंत्र बिघडले असे मानण्याचे कारण नाही.

विलंबाचा हिशेब

काचतंतूच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. सिल्वासा ते पुणे हे सरळ रेषेतील अंतर सुमारे २०० किलोमीटर धरल्यास जाण्यायेण्यास निदान २ मिलिसेकंद लागतात. दिल्लीचे अंतर सुमारे १,००० किलोमीटर असल्याने तेथे १० मिलिसेकंद लागतात. तार वळणे घेत जाते आणि वाटेत उपकरणेही असतात. त्यामुळे प्रत्यक्षात वेळ याहून अधिकच लागतो.

डिस्कवरील एका लेखनास ४ मिलिसेकंद लागतात असे समजू. एकामागून एक एक हजार लहान लेखने करावयाची असतील, तर एकट्या सर्व्हरवर ४ सेकंद, दुसरी प्रत पुण्यास असल्यास सुमारे ६ सेकंद आणि दिल्लीस असल्यास सुमारे १४ सेकंद लागतील. तार कितीही रुंद केली तरी हा विलंब घटत नाही. रुंद तारेतून एका वेळी अधिक माल जातो. पोच येण्याचा वेळ मात्र अंतरावर ठरतो. खर्चाचे प्रस्ताव तयार करताना हा भेद ध्यानात ठेवणे अगत्याचे आहे.

आभासी सर्व्हर म्हणजे काय?

एका मोठ्या यंत्राचे सॉफ्टवेअरच्या साहाय्याने अनेक भाग पाडतात. प्रत्येक भाग स्वतंत्र सर्व्हरसारखा चालतो. यालाच आभासी सर्व्हर म्हणतात. एका गोदामात भिंती घालून अनेकांना खोल्या द्याव्यात, पण बाहेरचे दार एकच असावे, तशी ही रचना आहे. एका खोलीत मालाची मोठी चढउतार सुरू झाली की इतरांना दाराशी थांबावे लागते. येथे दार म्हणजे डिस्क होय.

दोष शोधण्याचा क्रम

पहिली पायरी मोजमापाची. दुसऱ्या प्रतीशी जोडणी असताना लेखनाचा वेग मोजावा. नंतर कामकाज बंद असताना, सुरक्षित प्रत हाताशी ठेवून, जोडणी थोडा वेळ थांबवावी आणि पुन्हा मोजावे. वेग एकदम वाढला तर दोष तारेत अथवा दुसऱ्या यंत्रात आहे. फरक पडला नाही तर तो स्थानिक डिस्कमध्ये किंवा आभासी रचनेत शोधावा. चाचणीत माहिती डिस्कवर खरोखर उतरेपर्यंत थांबण्याची अट घालावी. नाहीतर केवळ स्मरणातील लेखनाचा फसवा वेग दिसतो.

दुसरी पायरी डिस्कची. दोन्ही यंत्रांपैकी जे मंद असेल त्याच्याच चालीने सर्व काम चालते. मिनिटाला ७,२०० फेरे घेणारी फिरती डिस्क सेकंदाला विखुरलेली शंभरएक लेखनेच करू शकते. अनेक डिस्कांच्या ‘रेड-५’ रचनेत एका लहान लेखनासाठी चार क्रिया कराव्या लागतात. वेग एके दिवशी अचानक कोसळला असेल, तर डिस्क-नियंत्रकाची बॅटरी आधी तपासावी. बॅटरी निकामी झाली की असे बहुतेक नियंत्रक सावधगिरी म्हणून लेखन तात्पुरत्या स्मरणात ठेवणे बंद करतात आणि प्रत्येक वेळी डिस्कची वाट पाहतात. असा दोष असेल तर नवा सर्व्हर घेण्याची गरज नसते. बॅटरी बदलल्याने काम भागते.

तिसरी पायरी तारेची. एक गिगाबिटची जोडणी सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट वाहून नेते. केबल खराब झाल्यास तीच जोडणी शंभर मेगाबिटवर उतरते आणि क्षमता १२.५ मेगाबाइट उरते. दिवा लागलेला असल्याने जोडणी ठीक आहे असा समज होतो. म्हणून ती किती वेगाने जुळली आहे हे तपासावे. प्रती पाठविण्यासाठी शक्यतो स्वतंत्र तार असावी.

चौथी पायरी पुनर्जुळणीची. जोडणी खंडित होऊन पुन्हा सुरू झाली की मागे राहिलेला मजकूर दुसऱ्या यंत्रावर चढू लागतो. संपूर्ण प्रत नव्याने करावयाची असल्यास, सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने एक टेराबाइटला पावणेतीन तासांहून अधिक वेळ लागतो. या काळात रोजचे काम मंदावणारच. कार्यालयीन वेळेत या कामाच्या वेगास मर्यादा घालावी व रात्री ती उठवावी.

पाचवी पायरी आभासी रचनेची. पूर्वी घेतलेली व विसरून राहिलेली ‘स्नॅपशॉट’ छायाप्रत, जुन्या पद्धतीच्या डिस्कची नक्कल करणारी जोडणी, तसेच ४,०९६ बाइटच्या घरांशी न जुळणारी डिस्कची विभागणी, या तीन गोष्टी लेखन मंद करतात. त्या दुरुस्त करण्यास बहुधा नवी यंत्रसामग्री लागत नाही.

वेगासाठी काय सोडू नये

लिनक्समध्ये २०१० साली समाविष्ट झालेल्या डी.आर.बी.डी. या प्रणालीत पोच घेण्याच्या तीन रीती आहेत. ‘सी’ रीतीत दोन्ही डिस्कांवर लेखन झाल्यावरच काम पुरे समजतात. ‘बी’ रीतीत माहिती दुसऱ्या यंत्राच्या स्मरणात पोहोचली की पुरते. ‘ए’ रीतीत ती स्थानिक डिस्कवर लिहून रवानगीच्या रांगेत लागली की पुरे मानतात. ‘ए’ रीत स्वीकारताच वेग वाढतो. परंतु त्या क्षणी पहिले यंत्र नष्ट झाले, तर ‘नोंद झाली’ असे सांगून परत पाठविलेल्या शेतकऱ्याची नोंद कोठेच उरत नाही. अंतर मोठे असेल तेथे ही रीत कधी अपरिहार्य ठरते. मात्र तसा निर्णय जबाबदार अधिकाऱ्याने धोका जाणून लेखी घ्यावा. तक्रारी थांबविण्याची सोपी युक्ती म्हणून तो घेतला जाऊ नये. जवळच्या यंत्रावर पूर्ण पोच घेऊन लिहावे आणि तेथून दूरच्या केंद्रास मागाहून प्रत पाठवावी, हा यातील व्यवहार्य मध्यममार्ग आहे.

प्रत्येकाचे कर्तव्य

विलंब झाला म्हणून कर्मचाऱ्यांनी तेच बटण पुन्हा दाबू नये. त्यामुळे एकच नोंद दोनदा होण्याचा संभव असतो. वेग मंदावल्याची तारीख, वेळ व त्या वेळी चाललेले काम वहीत टिपून ठेवावे. दोष शोधणाऱ्यास या वहीचा मोठा उपयोग होतो. ग्रामस्थांनी नोंद पुरी झाल्याचा क्रमांक घेतल्याखेरीज कार्यालय सोडू नये.

शिक्षकांना हा विषय वर्गातच दाखविता येईल. एका विद्यार्थ्याने दहा वाक्ये लिहावीत. नंतर प्रत्येक वाक्य लिहिताना ते मैदानापलीकडील मित्राला कळवावे आणि त्याने हात वर केल्यावरच पुढील वाक्य घ्यावे. दोन्ही वेळा घड्याळ लावल्यास विलंबाचे कारण मुलांना आपोआप उमगेल. अखेरीस पहिली वही बाजूला ठेवून दुसरी वाचावयास सांगावी. सर्व दहा वाक्ये तीत मिळाली की तो वेळ कशासाठी खर्च झाला, हेही त्यांच्या ध्यानात येईल.