हाताखाली माणूस हवा, पण कोणता?

प्रश्न : सांगलीत माझी एकट्याची सीए फर्म आहे. वर्षाची फी साधारण १८ लाख. दोन आर्टिकल आहेत आणि टॅलीवर नोंदी करणारा एक मुलगा. जुलै ते ऑक्टोबर रात्री अकराच्या आत घर दिसत नाही. नवीन काम आलं तर नाही म्हणावं लागतं. आणखी एक अकाउंटंट घ्यावा म्हणतो. पगार झेपेल का?
– एक सनदी लेखापाल, सांगली

उत्तर : टॅलीवर आणखी एक माणूस बसवलात, तर नोंदी झटपट होतील, पण तपासायला तुमच्याच टेबलावर येऊन पडतील. तुमचं घोडं अडलंय ते तपासणीपाशी. दर महिन्याच्या ७ तारखेला टीडीएसचा भरणा, ११ला जीएसटीआर-१, २०ला ३बी, आणि या प्रत्येक वेळी शेवटची नजर तुमचीच. म्हणून पहिली तपासणी पेलू शकेल असा माणूस आधी घ्या. इंटर होऊन फायनल सोडून दिलेली, पाच-सहा वर्षं ऑडिटमध्ये काढलेली माणसं या कामाला योग्य. मुलं लहान म्हणून नोकरी सोडलेल्या अनुभवी स्त्रियाही तालुक्याच्या गावी मिळतात. त्यांना अर्धा दिवस हवा असतो, आणि तुम्हालाही सुरुवातीला तेवढाच परवडतो.

पूर्ण वेळचा हिशेब मांडून पाहू. पगार २८ हजार धरला तर वर्षाचे ३,३६,०००. दिवाळीला एक पगार म्हणजे ३,६४,०००. संगणक, सॉफ्टवेअर, बसायची जागा यांचे ६० हजार मिळवले की ४,२४,०००. या माणसामुळे तुमचे रोजचे दोन तास सुटले, तर २८० दिवसांत ५६० तास होतात. म्हणजे सुटलेला प्रत्येक तास तुम्हाला सुमारे ७५७ रुपयांना पडला. त्या तासात यापेक्षा जास्त फीचं काम तुमच्याकडे येणार असेल तर नेमणूक करा. नसेल, तर आधी जुन्या पार्ट्यांची फी वाढवा. पाच वर्षांपूर्वी ठरलेल्या फीवर आजचा पगार निघत नाही.

मुलाखतीत गप्पा कमी, काम जास्त द्या. नावं झाकून तीन महिन्यांचं बँक स्टेटमेंट, जीएसटीआर-२बी आणि खरेदीची बिलं समोर ठेवा. नोंदींत मुद्दाम तीन चुका पेरा : कर्जाचा अख्खा हप्ता व्याजात टाकलेला, मालकाच्या मुलीची शाळेची फी कार्यालयीन खर्चात, आणि एक खरेदी बिल दोनदा. दोन तास द्या. तिन्ही चुका सापडल्या तर उत्तमच. पण हप्ता पाहून जो ‘कर्जाचं स्टेटमेंट मिळेल का?’ असं विचारतो, त्याला हातचा जाऊ देऊ नका. न विचारता अंदाजाने मुद्दल-व्याज फोडणारा माणूस सप्टेंबरात महागात पडतो.

कायद्याचं ओझं फार नाही. महाराष्ट्रात चार-पाच माणसांच्या कार्यालयाला दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणी लागत नाही, ऑनलाइन सूचना द्यावी लागते. ईएसआय १० माणसांपासून, भविष्य निर्वाह निधी २० पासून. व्यवसाय करासाठी मात्र मालक म्हणून वेगळी नोंदणी घ्या. महिना १० हजारांवर पगार असलेल्या पुरुषाचे वर्षाला २,५०० रुपये कापावे लागतात. स्त्रियांना महिना २५ हजारांपर्यंत हा कर नाही.

प्रश्न : माझा जुना अकाउंटंट म्हणतो, ‘पगार वाढवू नका, मी आणलेल्या पार्ट्यांच्या फीत २० टक्के द्या.’ द्यावेत का? उद्या तो पार्ट्या घेऊन गेला तर? नोकरी सोडल्यावर तीन वर्षं शहरात काम करायचं नाही, असं लिहून घ्यायचा विचार आहे.
– एक वाचक, नाशिक

उत्तर : टक्केवारी देऊ नका. १९४९च्या सनदी लेखापाल कायद्याच्या पहिल्या परिशिष्टानुसार फीतला वाटा किंवा दलाली बाहेरच्या माणसाला देणं हे व्यावसायिक गैरवर्तन ठरतं. तुमचा अकाउंटंट सनदी लेखापालांच्या संस्थेचा सभासद नाही, भागीदारही नाही. पगार वाढवा, वेळेवर विवरणपत्रं भरल्याबद्दल वर्षाअखेर बक्षीस द्या, पण ते कुठल्या पार्टीच्या फीशी बांधू नका.

तीन वर्षांच्या बंदीचा कागद कोर्टात टिकणार नाही. १८७२च्या भारतीय करार कायद्याचं कलम २७ असा करार रद्दबातल ठरवतं. गुप्ततेची अट मात्र टिकते, ती नेमणूकपत्रात स्पष्ट लिहा. ठरावीक काळ नोकरी न केल्यास वाजवी भरपाई देण्याची अट २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सरकारी बँकेच्या प्रकरणात मान्य केली. पण त्या बँकेला भरतीसाठी मोठा खर्च करावा लागतो, हे तिथे पाहिलं गेलं. तुमच्याकडे खर्चाचा पुरावा नसेल तर त्या निकालावर विसंबू नका. मूळ प्रमाणपत्रं अडकवून ठेवणं तर मुळीच नको.

खरा बंदोबस्त कपाटात आणि फोनमध्ये करायचा असतो. बऱ्याच कार्यालयांत क्लायंटच्या डिजिटल सह्यांचे टोकन एकाच डब्यात असतात आणि पिन त्यावरच चिकटवलेला असतो. ओटीपी अकाउंटंटच्या मोबाइलवर येतो, पार्टीही त्यालाच फोन करते. अशा ठिकाणी पार्टी आधीच त्याची झालेली असते. ओटीपी करदात्याच्या किंवा कार्यालयाच्या क्रमांकावर घ्या, टोकन ज्याचा त्याला परत करा, आणि प्रत्येक पार्टीशी वर्षातून दोनदा तरी स्वतः बोला.

प्रश्न : आर्टिकल स्वस्त पडतात. पगारी माणसाऐवजी आणखी चार घेतले तर? किंवा एखादा नवा सीएच नोकरीवर ठेवला तर?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आर्टिकल हा विद्यार्थी आहे. १ जुलै २०२३पासून प्रशिक्षण तीनऐवजी दोन वर्षांचं झालं, त्यामुळे तो कामात तयार होईपर्यंत त्याची जायची वेळ येते. शिवाय परीक्षेची रजा. ठरलेला किमान स्टायपेंड द्यावाच लागतो आणि किती आर्टिकल घेता येतील यालाही मर्यादा आहे. आर्टिकल शिकवायला घ्या, पण फर्मचा कणा त्यांच्यावर ठेवू नका. नवा सीए नोकरीवर ठेवलात तर तो तपासणीत उत्तम, पण तुमच्या फर्मच्या ऑडिट अहवालावर त्याला सही करता येत नाही. ती करता यायला तो भागीदार व्हावा लागतो. दोन वर्षं सोबत काम करून पटलं, तर भागीदारीचा विचार करा.

तिघांनाही एक सांगणं. नेमणूक जुलैत करू नका. तेव्हा शिकवायला तुम्हाला वेळ नसतो आणि चूक करायला नव्या माणसाला जागा नसते. नोव्हेंबरात घ्या. ३१ डिसेंबरच्या जीएसटी वार्षिक विवरणपत्रांवर त्याचा हात बसेल आणि पुढच्या सीझनला तो उपयोगी पडेल.