टेबलावरची देवगिरी

वॉरहॅमर ४०,००० हा नॉटिंगहॅमच्या गेम्स वर्कशॉप कंपनीचा खेळ. रिक प्रीस्टली यांनी लिहिलेला हा खेळ १९८७ साली बाजारात आला. त्यातलं विश्व आजपासून अडतीस हजार वर्षं पुढचं. इंच-सव्वा इंचाचे प्लॅस्टिकचे सैनिक आपणच जोडायचे, आपणच रंगवायचे आणि टेबलावर लढवायचे. सिडकोतल्या आमच्या घरी रविवारी दुपारी माझे स्पेस मरीन आणि मावसभावाचे नेक्रॉन समोरासमोर येतात. स्पेस मरीन म्हणजे चिलखतातले महाकाय मानवी योद्धे. नेक्रॉन ही धातूच्या देहात अडकलेली प्राचीन जमात. आम्ही २०२३च्या दहाव्या आवृत्तीचे नियम वापरतो. त्या खेळातून हाती लागलेल्या या गोष्टी.

१. आधी भूमी मांडा, मग सैन्य.

मोकळ्या टेबलावर ज्याच्याकडे लांब पल्ल्याच्या बंदुका जास्त, तो जिंकतो. त्यात खेळ उरत नाही. म्हणून आम्ही ६० बाय ४४ इंचांच्या फळीवर देवगिरी उभी केली. थर्माकोलचा डोंगर, सगळीकडून तासलेला कडा, खंदक, त्यावर एकच अरुंद पूल आणि पुढे पुठ्ठ्याची अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट. देवगिरी म्हणजेच दौलताबादचा किल्ला चढलेल्या माणसाला सांगायला नको की तिथं वाट लपवणं हेच मोठं शस्त्र होतं. टेबलावरही तसंच. कडेला हनुवटी टेकवायची, एक डोळा मिटायचा आणि आपल्या सैनिकाच्या डोक्यामागून बघायचं. समोरच्याच्या खांद्याचं टोक दिसलं तरी गोळी झाडता येते, नाही दिसलं तर नाही. मावसभाऊ अख्खी तुकडी बुरुजाआड अशी बसवतो की माझ्या बंदुकांपुढे नुसती भिंत राहते. किल्ला कसा वापरतात हे मला पुस्तकांपेक्षा त्याच्या या खेळण्यातून जास्त कळलं.

२. फासे टाकण्याआधी हिशोब करा.

माझ्या मरीननी नेक्रॉन योद्ध्यांवर १८ गोळ्या झाडल्या असं समजा. तीन किंवा जास्त पडलं तर नेम लागतो, म्हणजे सरासरी १२. त्यातल्या चार किंवा जास्त पडलेल्या गोळ्या इजा करतात, राहिल्या ६. मग समोरचा चिलखताचे फासे टाकतो. त्याला पाच किंवा सहा हवेत, म्हणजे दोन वाचतात. अठरा गोळ्यांत चार बळी. हा आकडा डोक्यात असला की फासे उलटे पडले तरी माणूस चिडत नाही. धावून जाण्याचंही गणित आहे. दोन फाशांची बेरीज म्हणजे तितके इंच धाव. सात इंचांची धाव ३६ पैकी २१ वेळा जमते, नऊ इंचांची फक्त १० वेळा. मागून उतरवलेली राखीव तुकडी शत्रूपासून नऊ इंचांहून लांब ठेवावी लागते. तिच्या धावेवर सगळा डाव लावणं शहाणपणाचं नाही.

३. अर्धवट मारलेली तुकडी सोडू नका.

नेक्रॉनची खरी ताकद इथं आहे. त्यांची पाळी आली की प्रत्येक तुकडी स्वतःची डागडुजी करते आणि पडलेले एक ते तीन योद्धे पुन्हा उभे राहतात. तीन तुकड्यांवर थोडा थोडा गोळीबार केला की पुढच्या पाळीला सगळं जैसे थे. तुकडीतला शेवटचा योद्धा पडला तरच ती कायमची जाते. त्यामुळे एक लक्ष्य निवडायचं आणि ते संपेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. माझ्यासमोर धातूचा राक्षस चालून येत असताना कोपऱ्यातल्या उरल्यासुरल्या योद्ध्यांवर मारा करत राहणं जिवावर येतं, पण तेच करावं लागतं.

४. बळी मोजू नका, जागा धरा.

लढाई पाच फेऱ्यांची. गुण मुख्यतः टेबलावरच्या ठरावीक खुणांवर ताबा ठेवण्याचे. मी निम्मं नेक्रॉन सैन्य कापलं आणि तरी डाव हरलो, असं घडतं, आणि त्यात अन्याय काहीच नाही. देवगिरीचंच बघा. १२९६मध्ये अल्लाउद्दीन खलजीचा वेढा पडला तेव्हा गडावरच्या पोत्यांत धान्याऐवजी मीठ निघालं, अशी कथा सांगतात. एवढा अभेद्य कडा, पण कोठार रिकामं तर राजा रामदेवराय काय करणार? आमच्या मांडणीत सगळ्यात महत्त्वाची खूण म्हणूनच माथ्यावर नसते, धान्यकोठारात असते.

५. उन्हाळ्यात रंगकाम सकाळी.

आपल्याकडच्या मे महिन्यात अस्तराचा स्प्रे दुपारी मारला तर रंग हवेतच सुकतो आणि सैनिकाच्या अंगावर वाळूसारखे कण बसतात. सातच्या आत गच्चीवर काम उरकावं. अॅक्रिलिक रंग पंख्याखाली पाहता पाहता घट्ट होतात. चपट्या डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग, एवढ्यावर तो तासन्‌तास ओला राहतो.

६. बोलून खेळा.

सैनिक हलवण्याआधी हेतू सांगायचा: "हा इथं थांबेल, पुलावरून दिसणार नाही, बरोबर?" "दादा, बरोबर. पण डावीकडच्याला दिसतो बघ." एवढ्या दोन वाक्यांत पुढचं भांडण मिटतं. शंका राहिली तर एक फासा टाकायचा आणि पुढे जायचं.

७. महाग आहे म्हणून थांबू नका.

परदेशातून येणाऱ्या पेट्या खिशाला जड जातात, हे खरं. पण मंगळावरून आलेल्या सैन्याची कादंबरी लिहिणाऱ्या एच. जी. वेल्स यांनी १९१३मध्ये 'लिटल वॉर्स' हे खेळाच्या नियमांचं पुस्तक काढलं, ते घरातल्या साध्या खेळण्यातल्या शिपायांसाठीच. आपल्याकडे तर दर दिवाळीला अंगणात किल्ला तयारच होतो. यंदा सण संपला की तो लगेच मोडू नका. बाजारातले मातीचे मावळे दोन रंगांत रंगवा, सहा-सात फासे आणि एक इंचपट्टी घ्या, शेजारच्या पोराला समोर बसवा. दहाव्या आवृत्तीचे मूळ नियम कंपनीने फुकट वाचायला दिले होते. मावळ्यांना परग्रहावर पाठवायचं की गडावरच ठेवायचं, ते तुम्ही दोघं ठरवा.