न सापडलेले कागद

1985 साली डेव्हिड ब्लेअर आणि एम. ई. मॅरन या दोन अमेरिकी संशोधकांनी वकिलांना अस्वस्थ करणारा एक हिशेब मांडला. एका मोठ्या दाव्यात प्रतिवादी कंपनीचे सुमारे 40,000 दस्तऐवज, म्हणजे साडेतीन लाखांच्या आसपास पाने, आयबीएमच्या शोधप्रणालीत भरलेली होती. त्यातले कामाचे किमान 75 टक्के कागद हाती लागलेच पाहिजेत, ही वकिलांची अट. तेवढे लागताहेत अशी त्यांची खात्रीही होती. संशोधकांनी न सापडलेल्या ढिगातून नमुने काढले आणि ते कुठले आहेत हे न सांगता त्याच वकिलांना तपासायला दिले. प्रत्यक्षात सापडत होते सरासरी 20 टक्के.

वकिलांनी कामात कुचराई केली नव्हती. समोर येणाऱ्या दर 5 कागदांपैकी जवळपास 4 खरोखर उपयोगाचे असत, त्यामुळे शंका येणार कुठून? पण वकील ‘अपघात’ शोधत होते, आणि कंपनीतली माणसे आपल्या पत्रांमध्ये त्यालाच ‘घटना’, ‘परिस्थिती’, ‘अडचण’ म्हणत होती.

आजची कृत्रिम बुद्धिमत्ता शब्दापाशी अडत नाही, ही तिची मोठी जमेची बाजू. कागदांच्या छाननीत यंत्राची मदत घेतली तर निकाल एकेक पान हाताने वाचण्याइतका, कधी त्याहून सरस येऊ शकतो, हे मॉरा ग्रॉसमन आणि गॉर्डन कॉरमॅक यांनी 2011 मध्ये दाखवले. पुढच्याच वर्षी न्यूयॉर्कचे न्यायदंडाधिकारी अँड्र्यू पेक यांनी अशा छाननीला मान्यता दिली. हजारो पानांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन बसलेल्या कनिष्ठ वकिलाला ‘एआय वापरू नकोस’ असे सांगणे मला अन्यायाचेच वाटते.

मात्र नव्या यंत्राने नवी खोडही आणली. 2023 मध्ये न्यूयॉर्कच्या एका वकिलाने विमानकंपनीविरुद्धच्या दाव्यात चॅटजीपीटीकडून मिळालेले निवाडे न्यायालयात सादर केले. ते कधी झालेच नव्हते. ‘हा निवाडा खरा आहे का?’ असे त्याने यंत्रालाच विचारले होते, आणि यंत्राने होकार भरला होता. न्यायाधीश केव्हिन कॅस्टल यांनी 5,000 डॉलरचा दंड ठोठावला. हे लोण आपल्याकडेही आले: ऑक्टोबर 2025 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर निर्धारण आदेश रद्द केला, कारण त्यात आधाराला घेतलेले 3 निवाडे अस्तित्वातच नव्हते. अशा प्रणालींनी पुढे केलेल्या निष्कर्षांवर डोळे झाकून विसंबू नये, ते पडताळून घ्यावेत, असे न्यायालयाने बजावले. खास वकिलांसाठी बनवलेली साधनेही यातून सुटलेली नाहीत. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2024 मध्ये तपासलेल्या अशा साधनांनी 17 ते 33 टक्के प्रश्नांत काही ना काही रचून सांगितले होते.

तरीही बनावट निवाड्यापेक्षा मला गळालेल्या कागदाची धास्ती अधिक वाटते. बनावट निवाडा समोरचा वकील शोधायला जातो, त्याला तो मिळत नाही, आणि बिंग फुटते. गळालेला कागद शोधायला कुणी जातच नाही.

जमिनीच्या दाव्याची फाईल घ्या. जुने सातबारे, फेरफार, वाटणीपत्रे, हक्कसोडपत्रे. निम्मे हस्ताक्षरात, त्यातही पुसट झेरॉक्स. सातबाऱ्यावर थोरल्या भावाच्या नावापुढे बारीक अक्षरांत ‘ए.कु.मॅ.’ असते, म्हणजे एकत्र कुटुंब मॅनेजर. नाव एकट्याचे लागले, पण ते सगळ्या कुटुंबाच्या वतीने. स्कॅनमधून मजकूर उतरवताना ती तीन अक्षरे गळाली, की यंत्राच्या सारांशात थोरला भाऊ एकटाच मालक ठरतो आणि धाकट्या भावंडांचा हक्क कागदोपत्री नाहीसा होतो. सारांश मात्र सुबक, मुद्देसूद, वाचायला झकास असतो.

म्हणून या कामात पडणाऱ्यांना माझे सांगणे असे. गठ्ठा यंत्राला देण्याआधी त्यातले चारदोन महत्त्वाचे कागद स्वतः वाचून बाजूला लिहून ठेवा. ते यंत्राला सापडले नाहीत तर बाकीच्या उत्तराचे काय करायचे ते तुम्हालाच कळेल. प्रत्येक विधानाबरोबर पान क्रमांक मागा आणि ते पान उघडा. नुसते आहे का एवढे पाहून थांबू नका, वाचा. पान खरे आणि अर्थ भलताच, असेही होते. ‘बरोबर आहे ना?’ हा प्रश्न यंत्राला विचारण्यात काही अर्थ नाही. त्यापेक्षा तलाठ्याला, अशिलाच्या वडीलधाऱ्यांना विचारा, की त्या जमिनीला, त्या व्यवहाराला गावात काय म्हणत. मग त्या नावांनी पुन्हा शोधा. अशिलाचे कागद कोणत्या कंपनीच्या यंत्रात टाकतो आहोत आणि तिथे ते साठवले जातात का, हेही आधी पाहून घ्या.

आणि ब्लेअर-मॅरन यांची युक्ती सोडू नका. यंत्राने बिनकामाचा ठरवलेल्या ढिगातून, न निवडता, हाताला येतील ते कागद काढा आणि सहकाऱ्याला वाचायला द्या. ते कुठून आले हे त्याला सांगू नका. त्यात एक जरी कामाचा निघाला, तर प्रश्न बदलून सगळा गठ्ठा पुन्हा चालवा, आणि कोणता कागद कसा निसटला याची नोंद फाईलच्या पहिल्या पानावर तारखेसह करून ठेवा.