पथ्य स्वयंपाकघरात पोहोचते का?
(नोकरदार पालकांसाठी वेळेची बचत करणारी आहारयोजना : एक व्यावहारिक विचार)

प्रस्तावना

पथ्याचे महत्त्व सांगणारे लोलिंबराजांचे वचन आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. रुग्णपत्रिकेवर औषधांच्या खाली ‘पथ्य’ हा शब्द लिहून त्यापुढे चार-सहा ओळी लिहिणे, हा आपल्या नित्यकर्माचाच भाग झाला आहे. तथापि त्या ओळी घरी गेल्यावर त्यांचे पुढे काय होते, याची चौकशी आपण क्वचितच करतो. आम्हीही अनेक वर्षे ती केली नव्हती. प्रस्तुत लेखाचे निमित्त त्या उणिवेतूनच घडले.

आमचे चिकित्सालय पिंपरी-चिंचवडच्या औद्योगिक परिसरात आहे. रुग्णांमध्ये कारखान्यातील पाळ्यांवर जाणारे वडील आणि कचेरीत नोकरी करणाऱ्या माता यांची संख्या मोठी. अशाच एका घरातील सात वर्षांचा मुलगा अग्निमांद्य, मलावष्टंभ आणि वारंवार होणारा प्रतिश्याय या तक्रारींसाठी आमच्याकडे आला. आम्ही योग्य ती औषधे दिली आणि पथ्याचा कागदही दिला. सकाळी ताजी पेज, दुपारी गरम मऊ भात व मुगाचे कढण, सायंकाळी लाह्या, रात्री लवकर लघु भोजन, शिळे संपूर्ण वर्ज्य. तीन आठवड्यांनी पुन्हा आले तेव्हा फरक नगण्य होता. आम्ही किंचित कठोर स्वरात विचारले असता त्या मातेने शांतपणे उत्तर दिले, “डॉक्टर, तुमचं औषध मी न चुकता देते. तुमचा कागद मात्र मला जमत नाही. सहा चाळीसला रिक्षा येते, सव्वाआठला मी घर सोडते, संध्याकाळी सातला परत येते. यात ताजी पेज कधी करू, ते तुम्हीच सांगा.”

आमच्याजवळ उत्तर नव्हते. औषध चुकले नव्हते, पथ्यही शास्त्रास धरून होते. परंतु जे पथ्य पाळणाऱ्याच्या दिवसात बसतच नाही, ते लिहिले काय आणि न लिहिले काय, सारखेच. त्या दिवसापासून आम्ही या विषयाचा थोडा पद्धतशीर विचार सुरू केला. तो वैद्यबंधु-भगिनींपुढे आणि औषधी दुकानदार मित्रांपुढे ठेवीत आहोत.

शास्त्रीय आधार

चरकसंहितेच्या विमानस्थानात, पहिल्या अध्यायात, आहारविधीची आठ विशेष आयतने सांगितली आहेत : प्रकृती, करण, संयोग, राशी, देश, काल, उपयोगसंस्था आणि उपयोक्ता. यांपैकी ‘करण’ म्हणजे संस्कार आपल्या विषयाच्या मुळाशी आहे. जलाचा व अग्नीचा संपर्क, शौच, मंथन, देश, काल, वासन, भावना, कालप्रकर्ष, भाजन म्हणजे पात्र, हे सर्व संस्काराचे प्रकार मानलेले आहेत. म्हणजेच अग्नीवर शिजविणे हा अनेक संस्कारांपैकी केवळ एक होय. धान्य रात्री पाण्यात पडून राहते तेव्हाही संस्कार चालूच असतो आणि त्यासाठी गृहिणीला जागे राहावे लागत नाही.

दुसरी गोष्ट, संस्काराने गुरु द्रव्य लघु होते, तसेच उलटही घडते. व्रीही भाजून लाह्या केल्या की लघु होतात. सक्तूचे पिंड शिजविले की गुरु होतात. तांदूळ व डाळ आधी भाजून ठेवल्यास ती पचनास हलकी होतात आणि शिजण्यासही सुलभ होतात. येथे शास्त्र आणि वेळेची बचत यांचा विरोध नाही, उलट मेळच आहे.

यावरून आम्ही एक सोपा नियम बसविला : वेळ वाचवायचा तो पूर्वतयारीत वाचवावा, शिजविलेले अन्न साठवून वाचवू नये. पूर्वतयारीचे तीन स्तर करावेत. शुष्क तयारी आठवड्याची, आर्द्र तयारी एका रात्रीची, आणि शिजविलेले अन्न शक्यतो त्याच वेळेचे. ‘पर्युषित वर्ज्य’ एवढेच सांगण्याऐवजी हे तीन स्तर सांगितले, तर पालकांस मार्ग सापडतो.

शुष्क तयारी : आठवड्यातून एकदा

(१) भाजलेली खिचडी. दोन वाट्या तांदूळ व एक वाटी मूगडाळ स्वच्छ धुऊन कापडावर पसरून पूर्ण वाळवावी. नंतर मंद अग्नीवर तांबूस होईतो वेगवेगळी भाजावी, पूर्ण निवल्यावर एकत्र करून कोरड्या डब्यात भरावी. गरम असताना डबा बंद केल्यास आत वाफ धरते आणि धान्य खराब होते, हे आवर्जून सांगावे. ऐन वेळी एक वाटी मिश्रणास पाच ते सहा वाट्या पाणी, हळद, जिरे, सैंधव घालून कुकरला लावले की अर्ध्या तासाच्या आत मऊ खिचडी तयार होते. त्या वेळात पालक स्नान किंवा मुलाची वेणीफणी उरकू शकतात.

(२) पेजेचा रवा. भाजलेले तांदूळ जाडसर दळून ठेवावेत. परिभाषेत विलेपीस चौपट, यवागूस सहापट आणि मंडास चौदापट जल सांगितले आहे. रव्याची पेज ढवळत शिजविल्यास साधारण दहा-बारा मिनिटांत होते. रुग्णाच्या अग्नीनुसार पाण्याचे प्रमाण आपण लिहून द्यावे. ‘पेज द्या’ असे मोघम सांगू नये.

(३) मेतकूट. महाराष्ट्रातील आजीबाईंनी ही युक्ती आपल्या फार आधी शोधून ठेवली आहे. भाजलेल्या डाळी, धान्य, धने, जिरे, सुंठ, हळद, हिंग यांचे हे चूर्ण मऊ भात व तुपाबरोबर दिले असता दुसरे कालवण करावे लागत नाही. मात्र त्यात हरभरा व उडीद असल्याने अग्नी फार मंद असता मात्रा अल्प ठेवावी.

(४) साळीच्या लाह्या. दुपारी शाळेतून आलेल्या मुलास बिस्किटांच्या ऐवजी लाह्या, तूप, थोडा गूळ हा पाच मिनिटांचा पदार्थ आहे. ज्वर, छर्दी, अतिसार यांत लाजमंड उपयोगी पडतो, म्हणून घरात लाह्यांचा डबा असावाच. अतिसारात मात्र त्यासोबत जलसंजीवनीही चालू ठेवावी.

आर्द्र तयारी : एका रात्रीची

कडधान्ये रात्री भिजत घालावीत व सकाळी ते पाणी टाकून द्यावे. राजमा अपुरा शिजल्यास त्यातील विषारी घटकामुळे तीव्र छर्दी होते. म्हणून तो रात्रभर भिजवून, पाणी बदलून, कुकरमध्ये पूर्ण मऊ होईपर्यंत शिजवावा. मोड आलेली कडधान्ये उबदार ओलाव्यात वाढतात, तेथे जंतूही वाढतात. लहान मुलांस ती कच्ची न देता वाफवूनच द्यावीत. उन्हाळ्यात भिजवणीचे पातेले शीतकपाटात ठेवणे श्रेयस्कर.

पालेभाजी रात्री निवडून कोरड्या कापडात गुंडाळून ठेवावी, परंतु धुणे व चिरणे सकाळीच करावे. लसूण सोलणे, शेंगा निवडणे, डाळ मोजून ठेवणे ही कामे रात्री जेवणानंतर पंधरा मिनिटांत होतात. यात सहा-सात वर्षांचे मूल सहज हातभार लावते. जे मूल मटार सोलते, ते मूल मटार खाते, असा आमचा अनुभव आहे.

एक कुकर, सर्वांची पाने

वरणाची डाळ, भात आणि दुधी किंवा लाल भोपळ्याच्या फोडी तीन डब्यांत एकाच कुकरला लावाव्यात. उघडल्यावर प्रथम बाळाचा वाटा काढून घ्यावा, त्यात मीठ-तिखट नसावे, तूप असावे. नंतर मुलाच्या वरणात सैंधव व जिरे घालावे. उरलेल्यास मोठ्यांसाठी फोडणी द्यावी. एकाच शिजवणीतून तीन वयांचे अन्न निघते. ‘मुलाचे वेगळे करा’ असे आपण सांगतो तेव्हा पालकांच्या डोळ्यांपुढे दुसरी चूल उभी राहते. तिची गरज नाही.

शाळेच्या डब्याविषयी : उष्णता टिकविणारा पोलादी डबा आधी उकळते पाणी भरून पाच मिनिटे ठेवावा, ते पाणी ओतून टाकावे आणि लगेच वाफाळती खिचडी भरावी. मधल्या सुट्टीत अन्न कोमट नव्हे, गरम मिळाले पाहिजे. डबा एवढी उष्णता टिकवीत नसेल तर पोळी-भाजीसारखा कोरडा पदार्थच द्यावा.

शिळ्या अन्नाचा प्रश्न

येथे आपण वैद्यांनी प्रामाणिक राहावे. नोकरदार घरात काही अन्न उरणारच. केवळ ‘वर्ज्य’ म्हटल्याने ते टाकले जात नाही. लपवून खाल्ले जाते आणि आपल्याला सांगितले जात नाही. त्यापेक्षा मर्यादा स्पष्ट सांगाव्यात.

शिजविलेल्या भाताची गोष्ट विशेष आहे. तांदळात ‘बॅसिलस सीरियस’ या जंतूची बीजे असू शकतात व ती शिजविल्याने मरत नाहीत. भात ओट्यावर रात्रभर राहिल्यास ती रुजतात, जंतू वाढतात आणि त्यांचे एक विष असे आहे की ते पुन्हा तापविल्यानेही नष्ट होत नाही. आपल्याकडचा सकाळचा फोडणीचा भात सर्वांना प्रिय आहे, परंतु तो बाहेर राहिलेल्या भाताचा करू नये. उरलेला भात पसरट भांड्यात काढून, निववून, दोन तासांच्या आत शीतकपाटात गेलेला असावा. दुसऱ्या दिवशीच, एकदाच, वाफ येईपर्यंत तापवून वापरावा. उरल्यास टाकावा. ज्या मुलाचा अग्नी मंद आहे, ज्यास ज्वर किंवा अतिसार आहे, त्यास हाही देऊ नये. त्याच्यासाठी भाजलेली खिचडी आहेच.

मळलेली कणीक झाकून शीतकपाटात एक रात्र ठेवण्यास आम्ही आक्षेप घेत नाही. आंबूस वास येत असल्यास ती वापरू नये. मध हा घाईच्या न्याहारीतील लोकप्रिय पदार्थ आहे. तो तापवू नये, आणि एक वर्षाखालील बालकास मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोटुलिझम हा गंभीर आजार संभवतो. बाळगुटीत मध चाटविण्याची प्रथा असलेल्या घरांत हे स्पष्टपणे सांगणे आपले कर्तव्य आहे.

रुग्णपत्रिकेत काय विचारावे

पथ्य लिहिण्यापूर्वी आम्ही आता पाच प्रश्न विचारतो व उत्तरे पत्रिकेवर नोंदवितो : मूल घर किती वाजता सोडते? सकाळी चुलीपाशी किती मिनिटे मिळतात? स्वयंपाक कोण कोण करते? घरात शीतकपाट व कुकर आहे का? सुट्टीच्या दिवशी एक-दोन तास मिळतात का?

तिसरा प्रश्न विशेष महत्त्वाचा. आपण पथ्य सांगतो ते बहुधा मातेकडे तोंड करून. पहिल्या पाळीवरून दुपारी परतणारे वडील सायंकाळचा कुकर लावू शकतात, हे आम्हांस त्या मुलाच्या वडिलांनीच सुचविले. ते आजवर दाराशी उभे असत, कारण आम्ही त्यांना कधी काही विचारलेच नव्हते.

औषधी दुकानदारांसाठी

साळीच्या लाह्या, सुंठ, सैंधव, नाचणी, भाजलेली मूगडाळ ही द्रव्ये स्वच्छ, कोरडी व दिनांक घातलेल्या पाकिटांत दुकानी उपलब्ध असतील, तर वैद्याचे पथ्य त्याच दिवशी घरी पोहोचते. परंतु अशी मिश्रणे बांधून विकणे हा अन्नव्यवसाय होय. त्यास २००६ च्या अन्नसुरक्षा व मानके कायद्याखालील नोंदणी वा परवाना लागतो, औषधविक्रीचा परवाना पुरत नाही. २०२२ मध्ये ‘आयुर्वेद आहार’ यासंबंधी स्वतंत्र विनियमही झाले आहेत. त्यांनुसार दोन वर्षांपर्यंतच्या बालकांसाठी असे उत्पादन करता येत नाही. तान्ह्या बाळाची पेज घरच्या तांदळाचीच असू द्यावी.

उपसंहार

त्या मुलाचे पुढे काय झाले, हे सांगितले पाहिजे. आम्ही जुना कागद परत घेतला आणि अर्ध्या पानाचा नवा दिला. रविवारी खिचडी भाजणे वडिलांकडे, रात्री मूग भिजविणे मातेकडे, शेंगा सोलणे मुलाकडे. औषधे तीच ठेवली. महिन्याभरात मलावष्टंभ बराच कमी झाला, भूक लागू लागली. पावसाळ्यात प्रतिश्याय पुन्हा झाला, तो झालाच. पथ्य म्हणजे जादू नव्हे. मात्र वजन वाढत नसेल, मलातून रक्त जात असेल, ज्वर दीर्घकाळ टिकत असेल, तर केवळ पथ्यावर विसंबून न राहता तपासण्या व बालरोगतज्ज्ञांचा सल्ला अवश्य घ्यावा.

त्या माता पुन्हा आल्या तेव्हा नवा कागद स्वयंपाकघरात चिकटविल्याचे त्यांनी सांगितले. त्यावर हळदीचे डाग पडले आहेत, असेही म्हणाल्या. आमचा पहिला कागद मात्र शेवटपर्यंत स्वच्छ राहिला होता.

सुज्ञ वाचकांनी आपापल्या प्रदेशातील धान्ये व घरांच्या वेळा लक्षात घेऊन या योजनेत योग्य ते बदल करावेत आणि आपले अनुभव पुढील अंकासाठी अवश्य कळवावेत, ही नम्र विनंती.