वर्डच्या मॅक्रोत काय ऑप्शनल ठेवायचं, काय नाही?

मागच्या व्हिडिओत आपण वर्डमध्ये बिल बनवणारा मॅक्रो पाहिला. आज त्याच्यातली एक चूक सांगतो. ती माझीच आहे, हुडकेश्वरच्या माझ्या दुकानात झालेली.

मॅक्रोला आपण माहिती देतो: रक्कम, राज्य, सूट, पैसे द्यायची मुदत. प्रत्येक वेळी सगळं लिहायचा कंटाळा येतो. म्हणून व्हीबीएमध्ये नावाआधी 'ऑप्शनल' लिहायची सोय आहे. मुदत ऑप्शनल ठेवून पुढे '= १५' लिहिलं, की न सांगता १५ दिवस धरले जातात. ऑप्शनल गोष्टी नेहमी शेवटी ठेवायच्या. एकदा ऑप्शनल सुरू झालं की पुढचं सगळं ऑप्शनलच लागतं.

मी राज्यही ऑप्शनल ठेवलं होतं, कोड '= २७', म्हणजे महाराष्ट्र. गिऱ्हाईक बहुतेक नागपूरचेच ना! मग छिंदवाड्याच्या एका जीएसटीवाल्या दुकानदाराला १२,००० रुपयांचा माल पाठवला. राज्याचा कोड २३ द्यायचा राहिला. मॅक्रोने मुकाट्याने सीजीएसटी १,०८० आणि एसजीएसटी १,०८० लावला. लागायला पाहिजे होता आयजीएसटी २,१६०. एकूण बिल १४,१६०, दोन्हीकडे सारखंच, त्यामुळे कोणाच्या लक्षातच आलं नाही. चुकीच्या टॅक्सचा रिफंड मागता येतो, पण आधी बरोबर टॅक्स खिशातून भरावा लागतो. छोट्या दुकानदाराचं भांडवल तिथे अडकतं भाऊ!

म्हणून नियम एक: जे चुकलं तर पैसा अडकतो, ते ऑप्शनल ठेवू नका. आता राज्य दिलं नाही तर मॅक्रो चालतच नाही, एरर देतो. त्या एररला घाबरू नका, तो तुमचा चौकीदार आहे.

नियम दोन: नाव घेऊन द्या. असं:

बिल रक्कम:=१२०००, राज्य:=२३, सूट:=०

कोलन आणि बरोबरचं चिन्ह जोडून लिहायचं. मग क्रम बदलला तरी चालतो, आणि मधलं काही सोडलं तर स्वल्पविराम मोजत बसावं लागत नाही. (इथे वाचायला मराठीत लिहिलंय. मॅक्रोत नावं आणि आकडे इंग्रजीतच टाका.)

नियम तीन: 'सांगितलं नाही' आणि 'शून्य सांगितलं' यात फरक आहे. माझ्याकडे सूट सांगितली नाही तर १०,००० च्या वर ५ टक्के जाते. शून्य सांगितली तर सूट नाही. सूटचा प्रकार 'डबल' ठेवला तर न दिलेली सूटही शून्यच दिसते. 'व्हेरिएंट' ठेवा आणि 'इझमिसिंग'ने तपासा. इझमिसिंग फक्त व्हेरिएंटवरच बरोबर चालतं, बरं का.

एक शेवटचं: माहिती घेणारा मॅक्रो ऑल्ट-एफ८ च्या यादीत दिसत नाही. त्याला बोलावणारा एक छोटा, रिकाम्या कंसाचा मॅक्रो वेगळा बनवा.

आजचा होमवर्क: तुमच्या बिलात काय काय येतं ते वहीत लिहा. प्रत्येकासमोर विचारा, 'हे विसरलो तर कोणाचे पैसे जातील?' उत्तर 'माझे' किंवा 'गिऱ्हाइकाचे' आलं, की तिथे ऑप्शनल खोडा. मग भेटू पुढच्या व्हिडिओत!