संस्थापकांच्या पश्चात

नृत्यनाट्य संपल्यावर प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मात्र ते घडवणारी संस्था अनेकांच्या श्रमांवर उभी असते. शांती बर्धन यांनी १९५२ मध्ये मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ स्थापन केला. क्षयरोगाने शरीर पोखरलेले असतानाही त्यांनी ‘रामायण’ हे नृत्यनाट्य बसवले. त्यात नर्तक कळसूत्री बाहुल्यांप्रमाणे हालचाली करीत. १९५४ मध्ये त्यांचे निधन झाले, तेव्हा ‘पंचतंत्र’ अपुरे होते. ते सहकाऱ्यांनी पूर्ण केले. पत्नी गुल बर्धन यांनी पुढे पाच दशकांहून अधिक काळ संस्थेची धुरा वाहिली. मुंबईहून ग्वाल्हेर आणि तेथून भोपाळ, असा संस्थेचा प्रवास झाला. २०१० मध्ये गुल बर्धन यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले.

विचार करा : तुमच्या परिसरातील एखादी जुनी संस्था कोणाच्या श्रमांमुळे टिकून आहे?